झुकिनी : फुलापासून देठापर्यंत

(गच्चीवर आणि परसात भाजीपाला लावणाऱ्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आज झुकिनीबद्दल बोलायचं आहे आणि सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. पहिल्या वर्षी मी गच्चीवर झुकिनीची चार झाडं लावली. पानं सुपाएवढी झाली. पिवळीधमक फुलं आली. मग बोटाएवढ्या झुकिन्या दिसायला लागल्या, तेव्हा घरातल्या सगळ्यांना वर बोलावून दाखवल्या. चार दिवसांनी त्या टोकाकडून पिवळ्या पडल्या, मऊ झाल्या आणि गळल्या. मी खत घातलं. पुन्हा तेच. कुणीतरी सांगितलं म्हणून औषध फवारलं. पुन्हा तेच. शेवटी वैतागून झाडं उपटली आणि कंपोस्टच्या ड्रममध्ये कोंबली. परीक्षेत मिळतो तो भोपळा मला झुकिनीत मिळाला.

नंतर कळलं की मी दोन चुका केल्या होत्या. झाडांना रोग नव्हताच. फुलांचं परागीभवन होत नव्हतं. आणि ज्या मधमाश्या ते करून देणार होत्या, त्यांना मीच औषध मारून पळवलं होतं. ही पहिली चूक. दुसरी चूक अशी, की मी जे उपटून फेकलं त्यात दोन-तीन वेळची भाजी होती. कोवळी पानं, देठ, डझनभर फुलं. मी झाडाकडे बघताना फळ तेवढं मोजत होतो.

तर आज सांगायचं ते एवढंच आहे. झुकिनीचं फूल नीट ओळखता आलं की झाड लावणंही जमतं आणि झाड खाणंही जमतं. मात्र एक धोकाही आहे, कडू फळाचा. त्याबद्दल शेवटी सविस्तर बोलू, कारण तो भाग विसरून चालणार नाही.

ही आहे कोण?

झुकिनी म्हणजे काकडीची बहीण, असं बरेच जण समजतात. दिसते तशीच. पण ती भोपळ्याच्या घरातली आहे. तिचं शास्त्रीय नाव कुकुर्बिटा पेपो. आपला लाल भोपळा, ज्याला कुठे डांगर म्हणतात कुठे काशीफळ, तो कुकुर्बिटा मोशाटा. म्हणजे दोघं सख्खे चुलत. दोघांचंही मूळ गाव अमेरिका खंड. मेक्सिकोतल्या वाहाका भागात एका गुहेत कुकुर्बिटा पेपोच्या लागवडीखालच्या बिया सापडल्या आहेत, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. तिथले शेतकरी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत आले. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरून ठेवतात.

कोलंबसाच्या नंतर ही फळं युरोपात आणि आपल्याकडे आली. आज आपण जिला झुकिनी म्हणतो तो लांबट, कोवळा तोडायचा प्रकार मात्र इटलीत तयार झाला, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मिलानच्या आसपास. इटालियन भाषेत भोपळ्याला झुक्का म्हणतात. झुकिनी म्हणजे छोटा भोपळा. नावातच सगळं सांगितलंय बघा: हे फळ लहानपणीच खायचं आहे.

लावायची कशी?

महाराष्ट्रात झुकिनीला हिवाळा मानवतो. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी टोचा. जानेवारीत लावली तरी चालते, पण मग एप्रिलच्या उन्हाच्या आत पीक उरकायला हवं. पारा ३५ अंशांच्या वर जायला लागला की मादी फुलं कमी होतात, नर फुलंच जास्त येतात.

ही वेल नव्हे, झुडूप आहे. ती मांडवावर चढत नाही. एका जागी बसून चहूकडे पानं पसरते, त्यामुळे दोन झाडांत तीन फूट तरी अंतर ठेवा. कुंडीत लावायची तर निदान ४० लिटर मातीची कुंडी किंवा पिशवी घ्या आणि एका कुंडीत एकच झाड. माती, शेणखत किंवा कंपोस्ट आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात, वर मूठभर निंबोळी पेंड. बी इंचभर खोल टोचा. ऊब असेल तर पाच-सात दिवसांत उगवतं. रोपं उपटून दुसरीकडे लावलेली तिला आवडत नाहीत, म्हणून शक्यतो बी जागेवरच टोचा. दिवसाला सहा तास तरी ऊन पाहिजे. पाणी बुडाशी घाला. सकाळी उघड्या फुलांवर पाण्याचा फवारा मारला तर पराग भिजून फुकट जातो.

बी टोचल्यापासून साधारण ४५ ते ५५ दिवसांत पहिलं फळ हाताशी येतं. मधल्या काळात पानांवर पांढुरके, चंदेरी ठिपके दिसले तर घाबरू नका. बऱ्याच जातींत ते जन्मजातच असतात आणि पानाच्या शिरांच्या कडेनं नक्षीसारखे दिसतात. बोटानं पुसून बघा. पिठासारखं निघालं तर ती भुरी, म्हणजे बुरशी. भुरीवर घरचा उपाय आहे. ब्राझीलमधले संशोधक वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ साली झुकिनीवरच केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. गाईचं दूध एक भाग, पाणी नऊ भाग, असं आठवड्यातून एकदा फवारल्यावर भुरी चांगली आटोक्यात राहिली. भुरी दिसायला लागली की लगेच सुरू करा. पान पांढरं झाल्यावर उपयोग नाही.

लाल भुंगेरे रोप लहान असताना पानांची चाळण करतात. सकाळी थंडीत ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. फळमाशीनं डंख मारलेली फळं झाडाखाली पडू देऊ नका, लगेच उचला. झाडाचा प्रत्येक भाग खायचा ठरवलाय ना? मग विषारी फवारणीचा विषय तिथेच संपला.

नर फूल, मादी फूल

आता मुख्य मुद्दा. झुकिनीच्या एकाच झाडावर दोन प्रकारची फुलं येतात. नर फूल लांब, बारीक दांडीवर उभं असतं. आत डोकावलं तर मधोमध एकच पिवळा खुंट दिसतो, त्याला हात लावला की बोटाला पराग लागतो. मादी फुलाच्या बुडाशी इवलीशी झुकिनी असते, फूल उमलायच्या आधीपासूनच. आत फाटे फुटलेला, जाडसर, चिकट भाग दिसतो.

मी घरच्यांना कौतुकानं दाखवली ती हीच इवलीशी झुकिनी. ते फळ नव्हतं, फळाची शक्यता होती. पराग मिळाला नाही की ती तशीच पिवळी पडून गळते.

हा पराग वजनदार आणि चिकट असतो, वाऱ्यानं उडत नाही. माशीच लागते. अमेरिकेत फक्त भोपळावर्गीय फुलांवर जगणाऱ्या एकट्या माश्या आहेत. त्या आपल्याकडे नाहीत. आपलं काम सातेरीसारख्या मधमाश्यांवर चालतं आणि पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत त्या येतीलच असं नाही. शिवाय फूल उमलतं पहाटे आणि दहा-साडेदहापर्यंत मिटून जातं. आयुष्यात एकदाच, एकाच सकाळी. तेवढ्यात माशी आली तर आली.

न आली तर ते काम आपण करायचं. सात-आठच्या सुमारास गच्चीत जा. ताजं उमललेलं नर फूल दांडीसकट तोडा. त्याच्या पाकळ्या मागे सोला, पण टाकू नका. आतला पराग भरलेला खुंट मादी फुलाच्या आतल्या चिकट भागावर सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवा. अर्धवट लागला तर फळ वाकडं होतं, एका टोकाला बारीक राहतं. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. दोन मिनिटांचं काम आहे. दोन दिवसांत छोटी झुकिनी फुगायला लागली की समजा, जमलं.

म्हणूनच एक झाड लावू नका, निदान दोन-तीन लावा. म्हणजे एकाच सकाळी नर आणि मादी दोन्ही उमललेली मिळण्याची शक्यता वाढते. सुरुवातीचा आठवडाभर बहुधा नर फुलंच येतात. त्याला घाबरायचं नाही. ती स्वयंपाकघरात न्यायची.

तोडायची कधी?

परागीभवन झाल्यावर चार-सहा दिवसांत फळ वीतभर होतं. तेव्हाच तोडा, आणि देठ सुरीनं कापा. पिळून ओढलं तर खोड फाटतं. अजून थोडी मोठी होऊ दे, असा मोह सगळ्यांना होतो. दोन दिवस गावाला जाऊन आलात तर पानाआड हातभर सोटा झालेला असतो. त्यानं भाजी बिघडते हे एक, पण मोठं नुकसान दुसरंच आहे. आत बिया धरल्या की झाडाच्या दृष्टीनं काम संपलं. ते नवीन मादी फुलं कमी करतं. कोवळं तोडत राहिलात तर झाड देत राहतं.

आता स्वयंपाकघरात

आपल्याला ही सवय नवी नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, अळूच्या देठांची देठी, भोपळ्याच्या फुलांची भजी हे सगळं आपल्या घरात होत आलं आहे. बंगालमध्ये भोपळ्याची फुलं आणि शेंडे दोन्ही बाजारात विकायला असतात. मेक्सिकोत फुलं घालून केसादिया करतात, वाहाकात भोपळ्याच्या कोवळ्या शेंड्यांचं सूप होतं. झुकिनी दिसायला परकी आहे, पण आपल्या आज्यांनी तिचं काय करायचं ते लगेच ओळखलं असतं.

*फुलं.* नर फुलं तोडा, मात्र परागीभवनासाठी दोन-तीन झाडावर ठेवा. फूल उघडून आत मुंगी, माशी नाही ना ते बघा. पाण्यात बुडवू नका, ओल्या हातानं पुसा. बारा फुलांना एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट, मीठ. पीठ धिरड्यासारखं सैल हवं, म्हणजे पाकळीवर पातळ थर बसतो. तेल चांगलं तापलेलं हवं. रोममध्ये याच फुलांत चीज आणि खारवलेला छोटा मासा भरून तळतात. आपण कुस्करलेलं पनीर, मिरची, कोथिंबीर भरू शकतो. पाकळ्यांचं टोक पिळलं की तोंड बंद होतं. पराग लावताना सोललेल्या पाकळ्या चिरून थालीपिठात घाला.

*पानं.* तळहाताएवढी, आतल्या बाजूची कोवळी पानं घ्या. एका झाडावरून आठवड्याला दोन, जास्त नको. पान हेच त्याचं पोट भरायचं साधन आहे. शेंडा खुडू नका. लाल भोपळ्याच्या वेलाचा शेंडा खुडला तर बाजूनं फांद्या फुटतात, पण झुकिनीच्या झुडपाला बहुधा एकच शेंडा असतो, तो गेला की झाड थांबलं. पानांवर बारीक कुसं असतात, ती शिजल्यावर मऊ पडतात, कच्ची मात्र खाऊ नका. बारीक चिरून, भिजवलेली मूगडाळ आणि भरपूर लसूण घालून परतून भाजी करा. भुरी लागलेली पानं घेऊ नका.

*देठ.* पानाचा देठ आतून पोकळ असतो आणि वरून टोचतो. कापलेल्या टोकाकडून शीर धरून ओढा, कुसांसकट सालीसारखी निघते. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करा, मीठ घालून मऊ वाफवा, निथळून गार करा. दही, दाण्याचं कूट, चिमूटभर साखर आणि वरून तूप-जिरं-हिंग-मिरचीची फोडणी. जेवायला बसलेल्यांना अळूची देठीच वाटते.

*फळ.* यात जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं. झुकिनीची भाजी पचपचीत होते अशी तक्रार असते, त्याचं कारण हेच. वरून पाणी घालू नका, झाकण ठेवू नका, मीठ सुरुवातीला घालू नका. पसरट कढईत मोठ्या आचेवर जाडसर फोडी परता आणि मीठ शेवटी. पीठ पेरून केली तर सुटलेलं पाणी बेसन पिऊन घेतं. थालीपिठासाठी किसलीत तर किसाला सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवा. साल काढायची गरज नाही. नेपल्सच्या बाजूला चकत्या तळून व्हिनेगर, लसूण, पुदिन्यात मुरवतात. ते आपल्याकडे भाकरीबरोबर मजेत जातं.

*सोटा झालेलं फळ.* फेकू नका. साल जाड झालेली असते, ती काढा. मधला बियांचा गर काढा. उरलेल्या भागाचा कीस कोहळ्यासारखा सांडग्यांत वापरता येतो. घट्ट पिळून घेतला की झालं.

*बिया.* पूर्ण पिकलेल्या फळाच्या बिया धुऊन, उन्हात वाळवून, मंद आचेवर भाजा. टरफल चिवट असतं, फोडून आतला गर खायचा. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया भागात ज्या भोपळ्याच्या बियांचं गडद हिरवं तेल काढतात, तो भोपळाही कुकुर्बिटा पेपोच आहे. त्याच्या बियांना टरफल जवळजवळ नसतंच.

उरलं मूळ. ते खायचं नाही. हंगाम संपला की मूळ आणि जून खोड कंपोस्टमध्ये.

कडू लागलं तर

आता ती महत्त्वाची गोष्ट. भोपळ्याच्या सगळ्या कुळात कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. रानटी फळांत ती भरपूर असतात, जनावरांनी खाऊ नये म्हणून झाडानं केलेली ती सोय. माणसानं हजारो वर्षं बिनकडू फळांचंच बी राखून हा कडूपणा काढून टाकला. पण तो कधीकधी परत येतो. सगळ्यात मोठं कारण म्हणजे घरी राखलेलं बी. शेजारी शोभेचे, रंगीत, छोटे भोपळे असतील तर ते बहुधा याच जातीचे असतात आणि माशी त्यांचा पराग आणते. त्या वर्षीचं फळ गोडच निघतं. संकर बियांत लपलेला असतो आणि पुढच्या वर्षी त्या बियांच्या झाडाला कडू फळं येतात. पाण्याचा ताण आणि उष्णता यांनीही कडूपणा वाढू शकतो.

शिजवून हे विष जात नाही. कडू फळ खाल्ल्यावर थोड्या वेळात मळमळ, पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात; कधी रक्तस्राव होतो, रक्तदाब घसरतो. जर्मनीत २०१५ साली बागेतल्या कडू झुकिनीची भाजी खाऊन एका वृद्ध गृहस्थाचा मृत्यू झाला. आपल्याकडे कडू दुधीच्या रसानं अशी माणसं दगावली आहेत. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं, की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा आणि कडू असेल तर टाकून द्या.

झुकिनीलाही हाच नियम. चिरल्यावर देठाकडचा छोटासा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खं फळ टाका. गूळ घालून, चिंच घालून, मीठ लावून पिळून वाचवायला जाऊ नका. कारलं कडू असलं तरी चालतं, कारण त्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा आहे. भोपळ्याला ती सवलत नाही. ज्या झाडाचं फळ कडू, त्याची फुलं आणि पानंही खाऊ नका, झाडच काढा. आणि पानात वाढलेली भाजी कडू लागली तर ‘अन्न टाकू नये’ हा संस्कार त्या दिवशी बाजूला ठेवा. मुलांनी ‘कडू आहे’ म्हणून ताट सरकवलं तर रागावण्याआधी स्वतः चव घेऊन बघा.

श्रोत्यांचे प्रश्न

*लाल भोपळ्याशेजारी झुकिनी लावली तर कडू होईल का?*
दोन वेगळ्या जाती आहेत, सहज संकर होत नाही. आणि झाला तरी या वर्षीच्या फळात फरक पडत नाही. मात्र बी राखायचं असेल तर जपून.

*मग बी घरचं ठेवायचंच नाही का?*
सुधारित सरळ वाणाचं ठेवता येतं. संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्यांना दोऱ्यानं हलकं बांधा. सकाळी सोडून हातानं पराग लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा. त्या फळाला खूण करा, झाडावरच पूर्ण पिकू द्या. संकरित बी असेल तर दरवर्षी नवीनच घ्या.

*बाजारातली फुलं, पानं खावीत का?*
कशाची फवारणी झाली आहे ते माहीत नसेल तर नको. म्हणून तर गच्चीवर लावायची.

*माझ्याकडे एकाच कुंडीची जागा आहे. लावू का?*
लावा. फळं कमी येतील. नर आणि मादी एकाच सकाळी भेटली नाहीत तर आठ-दहा दिवस नुसतीच फुलं मिळतील. पण आता त्यांचं काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. मला त्या वर्षी माहीत नव्हतं.